शुक्रवारची सुट्टी

मला एका जागी बसवत नाही. ही खोड लहानपणापासूनची. जेवायला बसले तरी डावा गुडघा हलत राहायचा, अभ्यासाला बसले की दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठायचे. आई वैतागून म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी विचारलं की दिवसभर खुर्चीत बसायचं काम ही कशी करणार. प्रश्न चुकीचा नव्हता. पण मी कॉम्प्युटरच्या प्रेमात वगैरे पडून तिकडे गेले नव्हते. मला भिवंडीतून बाहेर पडायचं होतं आणि त्या काळात बाहेर पडायचा तोच दरवाजा सगळ्यांत जवळ दिसत होता.

कामतघरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. खटखट दिवसरात्र चालायची. फळीवरची भांडी थरथरायची, पिंपातल्या पाण्यावर सारख्या बारीक लाटा उठायच्या. आम्ही घरात ओरडूनच बोलायचो, त्यामुळे नव्या पाहुण्याला वाटायचं की इथे काहीतरी भांडण पेटलंय. बाबा दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. कपडा विणणारे कामगार बहुतेक उत्तरेकडून आलेले, बाबा मात्र इथलेच. खाडीकाठच्या गावात आमची थोडी भातशेती होती, ती चुलत्यांकडे राहिली आणि बाबांच्या हातात पाना आला.

शुक्रवारी हे सगळं थांबायचं. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. लूम बंद, गल्ल्या शांत, आणि दिवसपाळीचे कामगार पुढच्या आठवड्यासाठी रात्रपाळीत जायचे ते याच दिवसानंतर. शाळेला रविवारी सुट्टी असायची, पण ती शाळेची. घराची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी बाबा दुपारपर्यंत झोपायचे, आई मटण करायची, संध्याकाळी आम्ही बाजारात जायचो आणि हळू आवाजात बोलायचो, कारण ओरडायची गरजच नसायची. कोणी मला झोपेतून उठवून विचारलं असतं की सुट्टीचा वार कोणता, तर मी शुक्रवारच म्हटलं असतं.

कॉलेज कल्याणला होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिथेच एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मला दोन महिन्यांचं काम मिळालं, शिकाऊ म्हणून. दोन खोल्या, पाच माणसं आणि एक मोठा खण. त्या खणात तीस-चाळीस मोबाईल कोंबलेले होते. काहींच्या बॅटऱ्या रबरबँडने बांधलेल्या, काहींची बटणं पुसट झालेली. आमचं काम म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलेला क्रिकेटचा खेळ या प्रत्येक फोनवर नीट चालेल असा करून देणं. दर फोनचा पडदा वेगळा. एकावर फलंदाज अख्खा दिसायचा, दुसऱ्यावर गुडघ्यापासून खाली गायब, तिसऱ्यावर चेंडू पडद्याबाहेर जाऊन परतच यायचा नाही. आणि अख्खा खेळ चौसष्ट केबीत बसवायचा! आज एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावत नाही.

मला ते काम फार आवडलं. कारण सरळ आहे, ते उभ्याने करता यायचं. प्रोग्रॅम लिहायचा, फोनमध्ये चढवायचा आणि फोन हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत बटणं दाबायची. माझ्यासारख्या माणसासाठीच हे यंत्र निघालंय असं मला वाटायला लागलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा खोटा फोन खरं सांगत नाही, खरा फोन हातात घेतल्याशिवाय काही कळत नाही, हे मी तिथे शिकले. तिथल्या मालकाने जाताना मला सांगितलं, "डोकं चांगलं आहे तुझं. पण तू काम वाचत नाहीस, तू कामावरून धावतेस." मी हसून हो म्हटलं आणि जिन्यावरून धावतच खाली उतरले.

त्याच ऑफिसात आणखी एक गोष्ट शिकले, ती मात्र वाईट. पहिल्या दिवशी कुठून येतेस विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तर एकाने डोळे मोठे केले. "भिवंडी? रोज? सुखरूप पोचतेस ना?" सगळे हसले. त्यात वाकडं काही नसेल, पण मग दोन महिने तेच चाललं. उशीर झाला की भिवंडीचे खड्डे, वीज गेली की भिवंडी, कोणाचा फोन हरवला की हिच्या गावात मिळेल. गावाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धूळ, खड्डे आणि जुन्या दंगली एकदमच उभ्या राहायच्या. मी आतल्या आत धुमसायचे आणि बाहेर हसायचे. आणि ठरवून टाकलं की पुढच्या ठिकाणी ही संधीच द्यायची नाही.

पुढचं ठिकाण शेवटच्या वर्षी मिळालं. ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, सहा महिन्यांसाठी. कुठे राहतेस असं विचारल्यावर मी म्हटलं, "बाळकूमला." एसटी रोज बाळकूमवरूनच जायची, तेवढाच माझा त्या गावाशी संबंध. खाडीच्या पलीकडचं एक गाव सोडून अलीकडचं सांगितलं, एवढंच, असं मी स्वतःला समजावलं.

हे ऑफिस म्हणजे काचा, गालिचा आणि एसी. आणि शांतता. ती शांतता मला सहनच व्हायची नाही. इतकं शांत असलं की माझ्या डोक्याला वाटायचं, आज काम नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस मी सारखी उठून पॅन्ट्रीत जायचे, कारण तिथे जुना फ्रिज घरघर करायचा आणि त्याच्या शेजारी उभं राहिलं की मला सुचायचं. चहा करणाऱ्या मावशींना वाटलं की मला भूक फार लागते. त्या माझ्यासाठी बिस्किटं बाजूला काढून ठेवायला लागल्या.

आम्ही दोघे शिकाऊ होतो. दुसरा कल्याणचा, खाडीजवळच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला. उंच, सावकाश बोलणारा, आणि माझ्या अगदी उलट, तासन्‌तास न हलता बसणारा. आम्हाला एकच कॉम्प्युटर दिला होता. तो टाइप करायचा तेव्हा मी मागे फेऱ्या मारायचे, मी टाइप करायचे तेव्हा तो माझ्या चुका मोजायचा. "तू बस ना जरा, मला चक्कर येते," असं दिवसातून दोनदा म्हणायचा. मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात आम्हाला स्वच्छ सांगून टाकलं होतं, "जागा एकच आहे. सहा महिन्यांनंतर दोघांपैकी एकाला ठेवू." त्यामुळे आमच्यात मैत्री होती, पण पाठीमागे ती एक खुर्चीही होती. ती खुर्ची मला हवी होती. इतकी हवी होती की बसमध्ये बसल्या बसल्या माझ्या मुठी आवळल्या जायच्या. ती मिळाली नाही तर पुन्हा कामतघर, आणि फार तर एखाद्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीच्या शेजारी बसून कॉम्प्युटरवर नोंदी करणं.

काम एका स्टेशनरीच्या ठोक व्यापाऱ्याचं होतं. त्याचं गोदाम पडघ्याजवळ, नाशिक हायवेवर. त्याचे विक्रेते ठाणे, मुलुंड भागातल्या ऑफिसांत फिरून कागदाची रिमं, फायली, पेनं यांच्या ऑर्डरी घ्यायचे. त्या कागदावर लिहिण्याऐवजी मोबाईलवर घ्यायच्या, फोनने आपोआप माल पोचवायची तारीख काढायची आणि तीच यादी गोदामात पोचायची, असा तो प्रोग्रॅम. तारीख काढायचा भाग माझ्याकडे आला. आम्हाला दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, माल दुसऱ्या दिवशी पोचवावा, साप्ताहिक सुट्टी वगळावी. वार लिहिलेला नव्हता. तो लिहायची गरज कोणाला वाटली नसणार.

मी अर्ध्या तासात ते लिहून टाकलं. फोनला वार आकड्यांत कळायचे. रविवार एक, सोमवार दोन, असं करत शुक्रवार सहा. मी लिहिलं की उद्याचा वार सहा असेल तर एक दिवस पुढे ढकल. लिहिताना माझा हात क्षणभरही थांबला नाही. आणि नंतर कोणी वाचलं तरी सहा हा फक्त आकडा दिसत होता. चाचणी घेताना आम्ही दर वेळी सोमवारचीच तारीख घालायचो, त्यामुळे मंगळवार बरोबर यायचा आणि सगळे खूश. कोणी काय लिहिलं याची नोंद ठेवायची पद्धत त्या ऑफिसात नव्हती. एक कॉम्प्युटर, एक फोल्डर, त्यात दोघांचं काम मिसळलेलं.

एका सोमवारी प्रोग्रॅम चालू झाला. पुढच्या सोमवारी तो व्यापारी स्वतः पडघ्याहून गाडी घेऊन ऑफिसात हजर. त्याने फोन टेबलावर ठेवला, आपटला नाही, पण ठेवायची पद्धत आपटल्यासारखीच होती. "शुक्रवारी माझ्या चारी गाड्या धुऊन पुसून नुसत्या उभ्या," तो म्हणाला. "यादीत एक माल नाही. आणि रविवारी त्याच गाड्या भरभरून मुलुंडला. बंद ऑफिसांच्या दारात. वॉचमन हसत होते माझ्या ड्रायव्हरांना."

मॅनेजरने त्याची समजूत घालून त्याला पाठवलं आणि आम्हा सगळ्यांना एका टेबलाभोवती बोलावलं. आठ जण होतो. प्रोग्रॅम मोठ्या पडद्यावर उघडला, ती ओळ सापडली. "हा सहा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवार," माझा जोडीदार म्हणाला. त्याला आकडे पाठ होते म्हणून त्याने उत्तर दिलं, बाकी काही नाही. पण त्याने ते म्हटलं आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अच्छा," कोणीतरी लांबवून म्हणालं. कोणीतरी हसलं. मला काय चाललंय ते कळायला एक क्षण लागला.

"सर, हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"कोणी लिहिलं ते मी विचारतच नाहीये," मॅनेजर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "चुका होतात. पण आपल्या घरचं कॅलेंडर क्लायंटच्या फोनमध्ये घालायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा."

"सर, मी शुक्रवारी कामावर असतो. एक तरी शुक्रवार सुट्टी घेतलीये का मी?"

"विषय संपला," मॅनेजर म्हणाले.

या कामावर आम्ही दोघेच होतो. त्याने लिहिलं नाही म्हणजे मीच लिहिलं, हे लहान मुलालाही कळलं असतं. पण माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. बाळकूमची, टिकली लावणारी, गणपतीला मोदक आणणारी मुलगी सुट्टी म्हणून शुक्रवार कशाला लिहील? त्यांना कारण आधीच सापडलं होतं आणि ते त्याच्या नावात होतं. खरं कारण सांगायचं तर मला आधी हे सांगावं लागलं असतं की मी भिवंडीची, जॉबरची मुलगी, आमच्याकडे लूम शुक्रवारी बंद असतात, आणि मी इतके महिने तुमच्याशी खोटं बोलत आले. वर ती खुर्ची. मी तोंड उघडलं नाही. त्या टेबलाखाली माझा गुडघासुद्धा हलत नव्हता.

त्याच दुपारी त्याला आमच्या कामावरून काढून दुसऱ्या टेबलावर बसवलं. जुन्या कुठल्यातरी प्रोग्रॅममधली स्पेलिंगं तपासायला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, ओरडून, कारण मागे लूम चालू होते आणि बाबांना तसंही कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तू शुक्रवारी सुट्टी धरली," ते म्हणाले.

"हो."

"मंग त्यान चुकला काय?"

मला हसावं की रडावं कळेना. मी सांगितलं की जगभर सुट्टी रविवारी असते. बाबांनी विचार केला. "हां, बँक बी रविवारीच बंद ऱ्हाते," असं म्हणून मान डोलावली. मग मी त्या मुलाचं सांगितलं. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"आमच्या कारखान्यान पन असाच चालते," ते म्हणाले. "ज्याचा नाव पयला तोंडान येते, त्याच्यावरच जाते. तू गप ऱ्हा गो. थोडं दिवस रायलेत. नोकरीचा कागद घे नी सुट."

मला त्यांचा राग आला. खूप राग आला. कारण मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं आणि त्यांनी हो म्हटल्यावर मला ते ऐकवत नव्हतं. मी चप्पल घातली आणि अंजूरफाट्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. आईने विचारलं कुठे गेली होतीस, तर मी तिच्यावरही खेकसले. तिचा यात काय दोष होता?

बुधवारी मला पडघ्याला पाठवलं, प्रत्येक फोनमध्ये दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चढवायला. गोदामात यादी लावणारा कारकून भिवंडीचा निघाला. मी वायर लावून एकेक फोन भरत होते आणि तो शेजारी उभा राहून गप्पा मारत होता. "शेठ उगाच तापला," तो म्हणाला. "शुक्रवारची यादी कोरी आली तवा आमाला वाटला, बरोबरच हाय. आपल्याकडं शुक्रवारी बंदच असते ना?" मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"बाळकूमची," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच किळस आली. हातातला फोन निसटून खाली पडला, बॅटरी एकीकडे, झाकण दुसरीकडे. तो बिचारा टेबलाखाली वाकून माझ्यासाठी बॅटरी शोधत बसला.

त्या चार दिवसांत माझा जोडीदार माझ्याशी पूर्वीसारखाच वागत होता. सकाळी मान हलवायचा, चहाच्या वेळी कप सरकवायचा. त्याने एकदाही विचारलं नाही. तू लिहिलंस का, असा एक प्रश्न त्याने विचारला असता तर मी सांगून मोकळी झाले असते, असं मला वाटायचं. त्याच्या न विचारण्याचाही मला राग यायला लागला होता. स्वतःच्या पापाचा राग काढायला माणसाला कोणीही पुरतं.

शुक्रवार उजाडला. सकाळी घरातून निघाले तेव्हा गल्ली शांत होती, आई मसाला वाटत होती. ऑफिसात दुपारी तो नेहमीप्रमाणे डबा लवकर उरकून नमाजला गेला. दर शुक्रवारी जायचा आणि तासाभरात परत यायचा, त्याबद्दल याआधी कोणी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तो दाराबाहेर पडल्या पडल्या शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "चला, साप्ताहिक सुट्टी सुरू झाली."

चार-पाच जण हसले. मॅनेजरही हसले, जरासे, फाइलमधून डोकं वर न काढता.

मी उठले. उठताना खुर्ची मागे पडली, इतक्या जोरात उठले. "ते मी लिहिलंय," मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. घरात बोलायची सवय ऐन वेळी उपयोगाला आली. "तो सहा मी लिहिलाय. त्याने नाही. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून आमची सुट्टी शुक्रवारी असते. माझे वडील लूमवर जॉबर आहेत."

मग तोच शेजारचा गोंधळून म्हणाला, "पण बाळकूमला कुठे आहेत लूम?"

"मी बाळकूमची नाही. मी भिवंडीची आहे."

एसीचा आवाज येत होता. पॅन्ट्रीच्या दारात मावशी ट्रे घेऊन थांबल्या होत्या. कोणीतरी काहीतरी म्हणेल, हसेल, माझ्या गावावरून बोलेल, त्या तयारीने मी उभी होते आणि उत्तरंही जिभेवर होती. पण सगळे आपापल्या पडद्यांकडे वळले. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे. बस खाली." मी पडलेली खुर्ची उचलली आणि बसले. सोमवारी त्याच्याबद्दल बोलायला ज्यांची तोंडं इतकी सहज उघडली होती, त्यांना माझ्याबद्दल बोलायला काहीच नव्हतं.

मग मला लक्षात आलं की ज्याला हे ऐकायला हवं होतं तो तर इथे नाहीच. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. उभी कसली, तीन मजले चार वेळा चढले-उतरले. तो आला तेव्हा मी घामाघूम झाले होते. मी एका दमात सांगून टाकलं.

त्याने ऐकलं. कपाळावरचे केस मागे सारले. "तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"सोमवारी. मीटिंगमध्येच."

"सोमवारी," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि आत गेला.

मला वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर आभार मानेल. दोन्हीची तयारी केली होती. या तिसऱ्याची नव्हती.

मॅनेजरने सोमवारी त्याला पुन्हा आमच्या कामावर घेतलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. नुसतं म्हणाले, "तू इकडे बस." सहा महिने संपले तेव्हा जागा त्यांनी आधी त्यालाच देऊ केली. त्याने पुण्याला दुसरीकडे होकार दिला होता. म्हणून मग ती माझ्याकडे आली. मी घेतली. खोटं कशाला सांगू, आनंदाने घेतली, आणि नियुक्तीपत्र घेऊन एसटीत बसले तेव्हा सबंध वाटभर ते उघडून पुन्हा पुन्हा वाचत होते.

पण त्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर चालत गेलो. मी नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे जायचे, मग थांबायचे. त्याच्याकडे पुष्पगुच्छ होता, ऑफिसातल्यांनी दिलेला, तो त्याने खाली तोंड करून धरला होता. आम्ही पुण्याबद्दल बोललो, नव्या फोनांबद्दल बोललो. बस दिसायला लागली तेव्हा माझ्याच्याने राहवेना. गेले कितीतरी दिवस हे माझ्या मनात फिरत होतं, आणि त्यात थोडी त्याच्यावर तक्रारही होती.

"त्या दिवशी तू भांडायला हवं होतंस," मी म्हटलं. "तू इतका शांत राहिलास. सरळ सांगायला हवं होतंस की तू नाही लिहिलं."

त्याने बसला हात केला. चिडला नाही, हसलाही नाही.

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "तू शेजारीच बसली होतीस."